निकाल नाल्यापर्यंतच

माझ्यावर ज्यांचं ऋण सगळ्यांत मोठं आहे ते माझे थोरले काका. आणि वस्तूच्या वाढलेल्या भावाला समोर उभं करून, त्याची बाजू ऐकून घेऊन, त्याला रीतसर शिक्षा सुनावणारा त्यांच्यासारखा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. बाकीची माणसं महागाई आली की कपाळावर हात मारून घेतात, पुढाऱ्यांना शिव्या देतात आणि अर्धी पिशवी घेऊन घरी येतात. काका घरी येऊन पाय धूत, पटका नीट बांधत, घरापुढच्या ओट्यावर मांडी घालून बसत आणि ज्या वस्तूचा भाव चढला असेल तिला तांड्याबाहेर काढत.

आमचा तांडा सेनगाव तालुक्यात, साखऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत. फाट्यावर एसटीतून उतरलं की एक नाला लागतो आणि नाला ओलांडला की आमची पंचवीस-तीस घरं. आमची माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांतून फिरत. पुढं बैल थांबले, माणसं शेतीला लागली, पण नाईक आणि त्याची पंचायत तेवढी राहिली. जुन्या काळी कुणी मोठा गुन्हा केला तर नाईक त्याला तांड्याबाहेर काढी, आणि त्यानं चूक कबूल केली की सगळ्यांना गूळ वाटून परत आत घेई. हे नाईकपण कधीकाळी आमच्या घराण्यात होतं म्हणे. काकांच्या आजोबांच्या वेळी ते शेजारच्या घरात गेलं आणि काकांना ते फार लागून राहिलं होतं. माणसांचा न्याय करायचा हक्क हातून गेलेला, म्हणून त्यांनी वस्तूंचा न्याय हाती घेतला. "माणसाला बाहेर काढणं पाप असते," ते म्हणत, "वस्तूला काढलं तर कुणाचं पोट दुखते?" काकी चुलीपुढून म्हणायची, "आपलंच. उपाशी राहून."

माझे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येत. काकांच्या दोन्ही मुली सासरी गेलेल्या. त्यामुळं मी वाढलो तो काका-काकींच्या घरात, म्हणजे एका अर्थी कोर्टाच्या आवारातच.

या कोर्टात मराठी चाले. घरात आम्ही सगळे गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो. काका तर झोपेतही गोरमाटीतच बडबडत. पण निकाल सांगायची वेळ आली की ते घसा खाकरून मराठीवर येत. मी एकदा कारण विचारलं. समोर कागदाच्या पुडीत तूरडाळ होती, तिच्याकडं बोट दाखवून ते म्हणाले, "ही बाजारातून आली. हिला आपली बोली कुठून कळंल? ज्याला शिक्षा द्यायची त्याला ती समजली तर पायजे." हा विचार मला आजही पटतो. पुढं तहसीलमध्ये, बँकेत आणि कॉलेजात मी जे कागद वाचले, त्यांतले निम्मे लिहिणाऱ्यांना हा विचार कधी शिवला नव्हता.

आरोपीची बाजू काकी मांडायची. तिला वकील कुणी नेमलं नव्हतं, पण रोज स्वयंपाक तिला करायचा असे, त्यामुळं प्रत्येक खटल्यात तिचा जीव अडकलेला. ती चुलीपुढून न उठता आतूनच बोलायची आणि काकांना "ओ नाईक" म्हणायची. तो टोमणा आहे हे सगळ्या तांड्याला कळत होतं. काकांना तो मान वाटायचा.

सगळ्यांत जुनी आणि अट्टल गुन्हेगार म्हणजे तूरडाळ. खरं तर तूर आमच्याच वावरात पिके. पण काढणी झाली की ती विकावी लागे, कारण बियाणंवाला आणि ट्रॅक्टरवाला तूर घेऊन काम करत नसत. काकी तेवढं एक मडकं भरून मागं ठेवी. बाकीची सगळी पोत्यांनी जाई, मिळेल त्या भावानं. आणि चार महिन्यांनी तीच तूर सालं काढून, दोन फाका होऊन, चकचकीत रंगाची साखऱ्याच्या दुकानात येऊन बसे ती अशा भावानं, की काका तिच्याकडं पाहातच राहत. एकदा मी त्यांच्यासोबत होतो. ते दुकानदाराला म्हणाले, "माह्या वावरातून गेली तवा साधी पोरगी होती. चार महिने शहरात राहिली, अंगाला तेल चोपडलं, अन आता बापालाच वळखत न्हाई." दुकानदार म्हणाला, काका, घ्यायची तर घ्या, गिऱ्हाईक थांबलंय. काकांनी पोत्यात हात घातला, मूठभर डाळ डोळ्यांसमोर धरली आणि तिला सांगितलं, "तुला तांड्याबाहेर काढलं. नाल्याच्या आत पाय ठेवायचा न्हाई. भाव उतरव, मंग ये." मग मूठ पोत्यात रिकामी करून, हात झटकून ते बाहेर पडले. दुकानदारानं मला हळूच विचारलं, "बराबर हायेत ना तुझे काका?" मी म्हटलं, "निकाल देऊन राहिलेत."

कांद्याचा खटला त्याहून गाजला. त्या साली कांदा असा चढला की साखऱ्याच्या बाजारात बायका तो हातात घेऊन नुसता बघत आणि परत ठेवत. काकांचं जेवण म्हणजे भाकरी, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. तो कांदा त्यांनी स्वतःच बाहेर काढला, आणि स्वतःच सगळ्यांत जास्त भोगलं. निकालानंतर कितीतरी दिवस ते जेवायला बसले की ताटाशेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांची बुक्की सवयीनं पडायची. ताटल्या हलायच्या. काका मग इकडंतिकडं बघून हात मांडीला पुसत, जणू माशी मारली. आठवडाभर हे बघून काकीनं अपील केलं. तिनं परड्यातून कांद्याची पात आणली आणि म्हणाली, "ओ नाईक, पातीचा काय गुन्हा? ती तर अजून लेकरू हाये." काकांनी बराच विचार केला. बापाची शिक्षा लेकराला देता येत नाही, हे त्यांना मान्य करावं लागलं. त्या दिवशी त्यांनी पात अशी खाल्ली की परड्यात पुढं कांदा म्हणून काही धरलंच नाही.

भाव उतरला की आरोपीला परत घ्यायचा सोहळा होई. त्या वस्तूला काकी कुंकू लावी, काका ओट्यावर उभे राहून 'चूक कबूल केली, आत घेतलं' म्हणत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. एकदा मात्र गूळच बाहेर होता आणि तोच आत यायचा होता. त्याला आत घेताना वाटायचं काय? त्याच्याच समेटाला तोच वाटला तर ती लाच झाली. काका दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी त्यांनी मीठ वाटलं. सगळ्या तांड्यानं तळहातावर चिमूट चिमूट मीठ घेऊन चाटलं. खरे नाईकही आले होते. त्यांनीही चाटलं आणि तोंड वाकडं न करता घरी गेले. काका पुढं वर्षभर सांगत होते की आपल्या निकालाला नाईकांची संमती आहे.

काका कधी हरलेच नाहीत असं मात्र नाही. पिठाच्या गिरणीशी ते हरले. गिरणी डिझेलवर चाले. डिझेल वाढलं तशी दळणावळही वाढली, आणि काकांनी त्याच संध्याकाळी गिरणीला बाहेर काढलं. सकाळी काकीनं कोपऱ्यातलं जातं ढकलत ढकलत ओट्यावर आणलं, शेजारी ज्वारीचं सूप ठेवलं आणि स्वतः शेतात निघून गेली. काकांनी पटका काढून ठेवला आणि दळायला बसले. घटकाभर जात्याचा आवाज जोरात येत होता, मग हळू झाला, मग थांबून थांबून येऊ लागला. मी शाळेतून आलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. मिशांवर पीठ होतं, आणि जात्याभोवती जेवढं पीठ होतं त्यात एका माणसाची भाकरी झाली असती, माणूस लहान असता तर. मला म्हणाले, "गिरणी सोडून दिली. साक्षीपुरावा कमी पडून राहिला." काकी परत आल्यावर तिनं पीठ पाहिलं, काकांच्या हाताचे फोड पाहिले आणि फोडांना तेल लावताना एवढंच विचारलं, "हे तेल आत हाये का भायेर, ते आधी सांगा."

रॉकेलचा निकाल मला तोंडपाठ आहे, कारण तो माझ्यामुळं बदलला. रॉकेल महागलं, रेशनवरचं कमी झालं, आणि काकांनी त्याला बाहेर काढलं. आम्ही दिवेलागणीच्या आतच जेवून घेऊ लागलो. त्या वर्षी मी दहावीला होतो. काही दिवसांनी काकांनी पुन्हा कोर्ट भरवलं आणि जाहीर केलं की आरोपीला परीक्षेपर्यंत जामीन मंजूर आहे, पण त्यानं फक्त माझ्या पुस्तकापुढं जळायचं, दुसरीकडं कुठं उजेड पाडायचा नाही. ते खरोखर तसंच चाललं. काकी अंधारात चाचपडून भांडी लावायची आणि कंदील माझ्यापुढं असायचा. मला त्या वेळी तो एक गमतीदार निकाल वाटला होता.

एसटीचं भाडं वाढलं तेव्हा काकांनी एसटीवर बसणं सोडलं. सेनगावच्या बाजाराला ते पायी निघत. मागून गाडी येई, वेग कमी होई आणि कंडक्टर दारातून वाकून म्हणे, काका, बसा. काका चालता चालता म्हणत, "न्हाई. तू भाडं वाढवलं."

"मी न्हाई वाढवलं काका, सरकारनं वाढवलं."

"मंग सरकारला सांग, मी पायी गेलो म्हणून."

कंडक्टर म्हणे, सांगतो. गाडी पुढं जाई. काका धुरळ्यात ताठ मानेनं चालत राहत, आणि एखाद्या दिवशी सरकारला हे कळेल आणि ते वरमेल, याबद्दल त्यांच्या मनात शंका नसे.

एकच वस्तू अशी होती जिच्यावर त्यांनी कधी खटला चालवला नाही. ती म्हणजे मीठ. आमच्या माणसांनी ते पाठीवर वाहिलं, ते घरचं, असं ते मानत. पोत्यातलं खडेमीठ दुकानातून हळूहळू गेलं आणि त्याच्या जागी पिशवीतलं पांढरं, बारीक, छापील किमतीचं मीठ आलं. काकांनी ती पिशवी उलटसुलट करून पाहिली, वरचा छापलेला भाव मला वाचायला लावला आणि कोर्ट न भरवता ती आत नेऊन ठेवली. काकीनं मुद्दाम विचारलं, ओ नाईक, याचं काय? ते म्हणाले, "घरचा माणूस हाये. घरच्या माणसाचा भाव इचारायचा न्हाई."

बारावीनंतर मी हिंगोलीला बी.ए.ला प्रवेश घेतला. आमच्या तांड्यात कॉलेजपर्यंत तोवर कुणी गेलं नव्हतं. हिंगोली नुकतीच जिल्ह्याचं ठिकाण झाली होती आणि खोल्यांची भाडी त्याच तोऱ्यात होती. आम्ही तिघा मुलांनी मिळून एक खोली घेतली. जेवणाचा डबा घरून यायचा. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांचे डबे असेच यायचे: सकाळी पहिल्या गाडीत आईबापांनी डबा ठेवायचा, तो शहराच्या स्टँडवर आपण उतरवून घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा परत पाठवायचा. काका रोज पहाटे डबा घेऊन फाट्यावर उभे राहत. स्वतः गाडीत पाय ठेवत नसत. पण डबा प्रवासी नव्हे, असा त्यांचा खुलासा होता.

डब्यात भाकरी असे, भाजी असे आणि रोज वरण असे. लसणाची फोडणी दिलेलं, घट्ट. माझ्या खोलीतल्या दोघांचे डबे उघडले की लोणचं आणि पातळ कढी निघे, आणि ते माझ्या वरणाकडं बघत. त्या वर्षी तूरडाळ पुन्हा चढली होती हे मला ऐकून माहीत होतं. काकांनी तिला आत घेतलं असेल, असं मी समजलो. फक्त त्या वरणात सालपटं फार असत. ती बाजूला काढताना मला काकीचा थोडा रागच येई, की हल्ली ही डाळ नीट निवडत नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर कॉलेजला अचानक दोन-तीन दिवस सुट्टी मिळाली आणि मी न कळवता घरी गेलो. आईवडील ऊसतोडीला गेले होते. संध्याकाळी काकीनं भाकरी, ठेचा आणि अंबाडीची भाजी वाढली. भाजीला तेलाचा वास नव्हता. मी विचारलं, तेव्हा कळलं की तेल बाहेर आहे, साखर बाहेर आहे, रॉकेल बाहेर आहे आणि तूरडाळ तर गेल्या वर्षापासून बाहेरच आहे. मला वाटलं, काका थट्टा करताहेत. सकाळी जाग आली ती लसणाच्या फोडणीच्या वासानं; डब्यापुरतं चमचाभर तेल काकीनं राखून ठेवलं होतं. उठून पाहिलं तर काकी मडकं तिरपं धरून, आत कोपरापर्यंत हात घालून तळाची तूर काढत होती. शेजारी जातं होतं. चुलीवर वरण उकळत होतं. मी ताट घेऊन बसलो. काकीनं ते सगळं वरण डब्यात भरलं, झाकण दाबून लावलं आणि काकांच्या हाती दिलं. काका मला म्हणाले, "चल."

त्यांनी मला नाल्यापर्यंत नेलं. नाला ओलांडून पलीकडं बाभळीखाली बसायला सांगितलं, डबा माझ्यापुढं ठेवला आणि स्वतः परत अलीकडच्या काठावर जाऊन बसले. कमरेच्या फडक्यातून त्यांनी भाकरी आणि ठेचा काढला.

"आता खा," ते म्हणाले.

"अन तुमी?"

"मी हद्दीत हाये. निकाल नाल्यापर्यंतच लागू असतो. पलीकडं कुणी काय खाल्लं, त्याच्याशी मला काही घेणं न्हाई."

मधून गुडघाभरही पाणी वाहत नव्हतं. मी म्हटलं, मग तुम्हीही इकडं या, दोघांत खाऊ. ते म्हणाले, पोट भरलंय. पोट भरलेला माणूस कोरडी भाकरी ठेच्याला लावून खात होता आणि वाऱ्यावर वरणाचा वास त्याच्याकडं जाऊ नये म्हणून तोंड फिरवून बसला होता. मी झाकण काढलं. वर सालपटं तरंगत होती. ती बाजारातल्या डाळीत नसतात. जात्यावर भरडलेल्या घरच्या डाळीत असतात. वर्षभर मी ती बोटानं बाजूला काढत आलो होतो.

मी झाकण परत लावलं. मी तिथूनच काकांना सांगितलं की मी कॉलेज सोडतो. खोलीतल्या मित्राच्या मामांचा वारंगा फाट्यावर ढाबा होता, त्यांना माणूस हवा होता. जेवण तिथंच मिळेल, वर महिन्याला थोडं घरी पाठवीन, आणि मडक्यात राहील ते तुम्हाला होईल. काकांचं चावणं थांबलं. त्यांनी भाकरीचा तुकडा परत फडक्यात बांधला आणि म्हणाले, "डबा संपव. कोर्ट दुपारी."

दुपारी मी ओट्यापुढं उभा राहिलो. एकविसाव्या वर्षी, नोट्स लिहिलेली वही आणि बुटांसकट, जिथं आजवर कांदे आणि रॉकेलचे डबे उभे राहिले होते तिथं. मी आशेनं काकीकडं पाहिलं. ती पहिल्यांदाच चूल सोडून बाहेर आली होती. म्हणाली, "मी आजवर तुरीची बाजू घेतली, कांद्याची घेतली, त्या गिरणीची बी घेतली. याची घेणार न्हाई." आणि दाराला टेकून उभी राहिली.

काकांनी घसा खाकरला. मला वाटलं, माझ्याशी तरी ते गोरमाटीत बोलतील. ते मराठीतच बोलले. "सारं जग आपला भाव वाढवून राहिलं," ते म्हणाले, "म्हणून मी एकेकाला भायेर काढलं. अन हे एकटं पोरगं, ज्यानं वाढवायचा, ते आपला भाव उतरवून राहिलं. बी.ए.चं पोरगं कपबश्या धुतो म्हणते. हा गुन्हा मी आजवर पाह्यला न्हाई." मग म्हणाले, "तुला तांड्याबाहेर काढलं. बी.ए. होऊस्तोर नाल्याच्या आत पाय ठेवायचा न्हाई."

मी काही बोलणार तोच काकी म्हणाली, "भायेर हाये म्हटल्यावर आतला निकाल त्याला लागू न्हाई. वरण खावंच लागंल." आपल्या वकिलानं सरकारपक्षाला एवढी मदत केलेली मी त्या कोर्टात दुसऱ्यांदा पाहिली नाही. कोर्ट उठल्यावर काका माझ्या शेजारून जाताना गोरमाटीत हळू म्हणाले, डबा रोज येईल.

ही शिक्षा त्यांनी तंतोतंत अमलात आणली. होळीला आमच्या तांड्यात सगळी माणसं गोळा होतात, दूरची माणसंही परततात. मी फाट्यावर उतरलो तर नाल्यापलीकडच्या बाभळीखाली सतरंजी अंथरलेली होती आणि पाण्याचा घडा भरून ठेवलेला होता. ऊसतोडीहून आलेली माझी आई तिथं येऊन मला भेटली आणि दिराला जे बोलायचं ते तांड्याकडं तोंड करून बोलली. पोरं येऊन बाहेर काढलेला माणूस कसा दिसतो ते बघून गेली. नाईकांनी येऊन विचारपूस केली आणि कानात सांगितलं की माझ्या हातात असतं तर मी तुला कधीच आत घेतलं असतं, पण हा निकाल माझा नाही. काका दिवसभर माझ्याजवळ बसून होते. मी म्हटलं, तुम्हाला कसं चालतं? ते म्हणाले, तुरुंगावरच्या शिपायाला आतबाहेर जाता येतं. मी अर्धी वाटी वरण त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी ती परत माझ्यापुढं सरकवली, आणि पोट भरल्याचं सांगितलं.

असं दीड वर्ष गेलं. तेवढ्या काळात तेल आत आलं, साखर आत येऊन पुन्हा बाहेर गेली, रॉकेल काही आत आलं नाही. मडक्यात काय शिल्लक होतं ते मी विचारलं नाही. डबा एक दिवस चुकला नाही. मी सालपटंही खाऊ लागलो.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी खोलीवर आलो तर कोपऱ्यात धुतलेला रिकामा डबा होता. काकी नेहमी म्हणते, भांडं रिकामं परत देऊ नये, चार दाणे तरी घालावेत. तीन वर्षं मी तो डबा रोज रिकामा परत पाठवला होता. त्या संध्याकाळी तो मी पाठवला नाही. त्याऐवजी पोस्टातून एक कार्ड आणलं, मग ते पुरणार नाही म्हणून आंतरदेशीय पत्र आणलं, आणि हे लिहिलं:

ती. काकांना,

तांड्याबाहेर काढलेल्या पुतण्याचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र नाईकांच्या नातीकडून वाचून घ्या. ती अडखळली तर तिला बोलू नका, माझं अक्षर खराब आहे.

अर्ज करतो की मी बी.ए. पास झालो. दुसरा वर्ग मिळाला. तुम्ही दिलेल्या शिक्षेची मुदत संपली आहे, तरी मला आत घ्यावं. गूळ सध्या आत आहे की बाहेर हे मला माहीत नाही. बाहेर असेल तर मागच्या वेळेसारखं मीठ वाटा. नाईक येतील.

काका, एक गोष्ट तोंडावर सांगायला जमणार नाही म्हणून लिहितो. वसमतला एका शाळेत कारकुनाची जागा मिळते आहे. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं आहे. म्हणजे तुम्ही मला आत घ्याल आणि मी पंधरा दिवसांत पुन्हा नाला ओलांडून जाईन, आणि मग होळी-दिवाळीला येईन, पाहुण्यासारखा. निकाल देताना तुम्हाला हे ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं. म्हणूनच तुम्ही माझ्याशी, बाहेरच्याशी बोलावं तसं, मराठीत बोललात.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं डबा येईल. या वेळी तो कंडक्टरच्या हाती नसेल, माझ्या हाती असेल. भरलेला असेल. तूरडाळीचं वरण मी स्वतः करून आणतो आहे. डाळ अजून बाहेर आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा डबा आत नेणार नाही. तुम्ही आणि काकी दोघं नाला ओलांडून बाभळीखाली या. निकाल नाल्यापर्यंतच लागू असतो, हे तुमचंच वाक्य आहे. पोट भरलंय असं या वेळी सांगू नका. तिघांना पुरेल एवढं करतो आहे.

जेवण झाल्यावर मला आत न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमचा,
पोरगा

ता.क. वरणात मीठ घालणार नाही. येताना घरचं चिमूटभर घेऊन या.